मोबाईलच्या युगात आमची उपासना
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका ख्रिस्ती माणसाला वर्धापनदिनी बोलावलेत, त्याबद्दल आभार मानतो. तसा मी परका नाही. आमचे मूळ गाव अहमदनगर जिल्ह्यात, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. आजोबांच्या वेळी आमचे घर ख्रिस्ती झाले आणि १९५६ नंतर चुलत घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भावकी एकच, दारे दोन. लग्नाकार्यात आजही एकमेकांच्या पंगतीला असतो.

मंडळाच्या पोरांनी विषय दिला, "गुरुजी, मोबाईलच्या जमान्यात जुनी श्रद्धा कशी टिकते त्यावर बोला." मी माझ्या श्रद्धेपुरतेच बोलेन. तुमच्या धम्माविषयी तुम्हाला मी काय सांगणार?

पहिली गोष्ट ही, की यंत्राला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हा ख्रिस्ती लोकांना नाही. आमची श्रद्धा यंत्रावर बसूनच इथवर आली. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. आमच्या नगरातून अमेरिकन मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केले. त्या काळी छापखाना म्हणजे आजचा इंटरनेटच की! आणि आता २००८ पासून बायबल मोबाईलमध्ये आले आहे. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून मी त्यावरच शास्त्रपाठ वाचतो, अक्षर मोठे करता येते. तेव्हा मोबाईलने धर्म बुडाला असे मी म्हणालो तर ती लबाडी होईल.

पण एके ठिकाणी गाडी अडली. ते जरा सविस्तर सांगतो.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. १० एप्रिलला उत्तम शुक्रवार आला. दरवर्षी त्या दिवशी ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. त्या वर्षी सात जण सात घरांतून मोबाईलवर बोलले. चौथ्या उद्गाराला कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या! तरी ते ऐकून मन भरून आले, हे कबूल करतो. मग १२ तारखेला ईस्टर. पाळकसाहेब म्हणाले, प्रत्येकाने आपापल्या घरी भाकर आणि सरबत पुढे ठेवावे, मी इथून प्रार्थना करतो, सगळे मिळून प्रभुभोजन घेऊ.

मी घेतले. आमच्या मंडळींनी घेतले नाही.

मी विचारले, का गं? ती म्हणाली, "अहो, देव घरात आहे हे मला ठाऊक आहे. पण मला ताटली कोणी दिली?"

आता ही ताटली काय, ते तुम्हाला सांगितले पाहिजे. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी ताटली बाकावरून हातोहात पुढे जाते. भाकरीचा तुकडा घ्यायचा, ताटली शेजाऱ्याच्या हाती द्यायची. गावात माझ्या आजीला पाणी वरून ओंजळीत ओतले जाई, भांड्याला हात लावू देत नसत. हे मी तुम्हाला वेगळे सांगायची गरज नाही. तीच आजी देवळात बसली आणि ज्या पेल्याला मडमेने ओठ लावले तोच पेला तिच्या हातात आला. ती मरेपर्यंत हेच सांगायची. प्रवचन तिला आठवत नसे, पेला आठवे. (पुढे आमच्या मंडळ्यांतही जात शिरली, सोयरिकीत तर उघड उघड. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.) तर आमच्या लोकांना ते हातातून हातात येणे हाच धर्म होता. माझी पत्नी त्या आजीच्या हाताखाली नांदलेली. तिने ते बरोबर धरले.

हा वाद फक्त आमच्या घरात झाला असे समजू नका. रोमन कॅथलिक चर्चच्या संपर्कमाध्यम परिषदेने २००२ सालीच लिहून ठेवले होते की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. आणि तरीही २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकातून बोलले, ते जगभर लोकांनी पडद्यावरच पाहिले. अमेरिकेत प्रेस्बिटेरियन मंडळीने संकटकाळापुरती ऑनलाईन प्रभुभोजनाला मुभा दिली. कोण चूक, कोण बरोबर, हे मोठमोठ्या पंडितांचे अजून ठरत नाही. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडदा हाच आधार असतो, त्याला मी नाही कसे म्हणू? पण धडधाकट माणूस रविवारी लोळत उपासना 'बघतो' म्हणतो तेव्हा मला राग येतो.

महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. आमच्या मंडळी तोवर थांबल्या. पहिल्या प्रभुभोजनाला ताटली फिरली नाही, लहान कागदी पेले मिळाले, मध्ये एक बाक सोडून बसायचे. तरी ती म्हणाली, "चालेल. माणसं दिसली."

आता नव्या त्रासाचे थोडक्यात. मोबाईलवर रोज उपदेशक येतात. हात वर करा, रोग गेला. खाली क्यूआर कोड. संदेश दहा जणांना पाठवा म्हणजे आशीर्वाद. आमच्या वस्तीतल्या एका बाईने मुलाच्या फीचे पैसे असे पाठवले. तिला कोणी विचारणारा शेजारी असता तर?

गेल्या वर्षी पत्नीचा स्मृतिदिन होता. नातवाने त्या नव्या बोलत्या यंत्राकडून प्रार्थना लिहून घेतली. भाषा निर्दोष, माझ्या शाळेत असता तर दहापैकी दहा दिले असते. त्यात होते, तिच्या शांत व मृदू स्वभावाबद्दल, प्रभो, तुझे आभार. घरातले सगळे हसू लागले. अहो, ती शांत? गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा! पोरगा ओशाळला. मग त्याने मोबाईल खिशात घातला, आणि आजीने चपलेने कसे मारले होते आणि त्याच रात्री पायाला तेल कसे लावले होते, ते अडखळत सांगितले. मध्ये त्याला रडू आले, थांबला, पुन्हा सुरू झाला. आम्ही सगळे आमेन म्हणालो.

आमच्या जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू लिहिलेले आहेत. तिचे नाव मी शाईने लिहिले. त्याखाली बरीच जागा आहे.

मागे भोजनदानाच्या पंगतीची तयारी झालेली दिसते, कार्यकर्ते घड्याळ दाखवताहेत. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम!