नऊ पडद्यांचे उत्तर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी बडोद्याच्या या शाळेत मला विद्युतघटाची पहिली ओळख करून दिली. पुढे माझे संशोधनही घटांवरच झाले. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

लिथियम-आयन घटात लिथियमचे आयन दोन इलेक्ट्रोडांमध्ये ये-जा करतात. त्यांची वाट म्हणजे इलेक्ट्रोलाइट. तो बहुधा ज्वलनशील सेंद्रिय द्रावकात असतो. घट बिघडून फार तापला, तर तेच द्रावण इंधन ठरते. यावर उपाय म्हणून १९७८ साली मिशेल आर्माँ यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात, म्हणजे पॉलिमरमध्ये, क्षार विरघळवून घन इलेक्ट्रोलाइट करण्याची कल्पना मांडली. परंतु सुमारे ६५ अंश सेल्सिअसखाली त्याचा बराच भाग स्फटिकरूप असतो. साखळ्यांची हालचाल मंदावते आणि आयन अडतात. १९९८ साली क्रोचे, स्क्रोसाटी व सहकाऱ्यांनी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचे नॅनोकण मिसळून वाहकता वाढवून दाखवली.

दुसरा मार्ग छिद्रांचा. पीव्हीडीएफ-एचएफपी हे बहुवारिक ॲसिटोनमध्ये विरघळवायचे, त्यात थोडे पाणी व सिलिकाचे नॅनोकण घालायचे आणि काचेवर पातळ थर पसरायचा. ॲसिटोन आधी उडून जाते. मागे राहिलेल्या पाण्याच्या जागी छिद्रे होतात. हा पडदा द्रव इलेक्ट्रोलाइट शोषून धरतो, त्यामुळे गळतीचे भय कमी होते. आगीचे मात्र संपत नाही. शिवाय छिद्रे वाढवावीत तर पडदा दुबळा होतो, आणि नॅनोकण वाढवावेत तर त्यांच्या गुठळ्या होतात.

विद्यार्थिदशेत मी असे दहा पडदे केले. नऊ फाटले, एकाची वाहकता उत्तम आली. त्या एकाचा आलेख मी मोठ्या अभिमानाने सरांना पाठवला. उलट टपाली कार्ड आले: ‘अभिनंदन. नऊ का फाटले, ते कळव.’ मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि तसे लिहिण्याचीही लाज वाटली. मी गप्प राहिलो.

सहा महिन्यांनी ते तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बहुतेक चिरा सिलिकाच्या गुठळ्यांपासून सुरू झाल्या होत्या. दोष मिश्रणात होता. मी घाई केली होती. सिलिका आधी ॲसिटोनमध्ये नीट विखुरून घेतली, तेव्हा पडदे टिकू लागले. हे कळवण्यासाठी पत्र लिहायला बसलो, तोवर सर गेल्याची वार्ता आली होती.

ते राहिलेले उत्तर आज त्यांच्याच शाळेत दिले आहे.