सी भाषेचे पहिले धडे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



जेमतेम मॅट्रिक झालेल्या व प्राथमिक शाळेत आयुष्य वेचलेल्या माझ्यासारख्याने संगणकाच्या भाषेवर बोलावे, हे आपणांस धाडसाचे वाटेल. मलाही वाटते. तथापि कार्यकारी मंडळाचा आग्रह मोडवेना.

गेल्या होळीस माझी नात तंत्रनिकेतनातील शिक्षण सोडण्याचा विचार मनाशी घेऊनच गडचिरोलीस घरी आली. “आबा, मराठी शाळेतल्या मुलीला हे जमायचे नाही,” एवढेच ती बोलली. घोडे अडले होते ‘सी’ भाषेपाशी. डेनिस रिची यांनी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. परंतु आपल्याकडील असंख्य विद्यार्थ्यांना ती शिकविणारे ‘लेट अस सी’ हे पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे आहे. ते तिच्या पिशवीत होतेच. इंग्रजी तिने वाचावे आणि अर्थ दोघांनी मिळून लावावा, असा आमचा क्रम सुरू झाला.

सतरा भागिले पाच, असे तिने लिहिले. यंत्राने उत्तर दिले ३. “हिशेबाचे यंत्र तर ३.४ सांगते!” ती रडकुंडीस आली. पुढे भागाकाराच्या जागी शेकड्याचे चिन्ह घातले, तर उत्तर आले २. मला हसू आवरेना. “अगं, भागाकार तीन, बाकी दोन!” लहान वर्गांना जन्मभर मी दुसरे काय शिकविले? दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की ही भाषा अपूर्णांक सोडून देते. तो हवा असल्यास एक तरी संख्या १७.० अशी लिहावी लागते. तिची गाठ सुटली ती तेथे.

रांगेतील पहिल्या घराला शून्य क्रमांक का, हे मात्र मलाच उमगेना. अखेर नागपूरचा शून्य मैलाचा दगड आठवला. तो क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर होय. आरंभी अंतर कोठले?

अर्धविराम राहिला की यंत्र पुष्कळदा पुढल्या ओळीकडे बोट दाखविते. (आम्ही मास्तर मंडळीही कधी कधी शेजारच्या मुलाचाच कान धरीत असू.)

उन्हाळी परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. गुण बेताचेच पडले, परंतु पिशवी भरून ती पुन्हा चंद्रपूरच्या गाडीत बसली, हे मी डोळ्यांनी पाहिले. ‘पॉइंटर’ नामक प्रकरण माझे अद्याप अर्धवट आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, प्रत्यक्ष शेत नसते, इतपत समजले आहे. उरलेले ती दिवाळीस आली म्हणजे मला शिकविणार आहे.