माळ ओसाड असतो काय ?

महाबळेश्वराहून निघून पांचगणीवरून पसरणीचा घाट उतरणारा प्रवासी वाईस पोंचतो, तेव्हां त्यानें जेमतेम २० मैलांची वाट तुडविलेली असते. परंतु तेवढ्यांत तो एका सृष्टींतून दुसऱ्या सृष्टींत आलेला असतो. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. वाईस तो ३० इंचांच्या आसपास असतो, आणि तसेंच पूर्वेकडे फलटण-माणच्या बाजूस गेलें तर सुमारे २० इंचांवर समाधान मानावें लागतें. कारण सरळ आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, चढतांना थंड होतात आणि आपला भार तेथेंच उतरवितात. पलीकडे उतरतांना ते पुन्हां तापतात, आणि तापलेली हवा पाणी देण्याऐवजीं तें शोषूनच घेते.

या हिशेबाप्रमाणें झाडें बदलतात, आणि झाडांप्रमाणें प्राणी. महाबळेश्वरच्या रानांत जांभूळ, अंजनी अशीं सदा हिरवीं झाडें एकमेकांत फांद्या गुंतवून उभीं असतात. तेथें शेकरूचा संसार. हें तांबूस, झुपकेदार शेपटीचें जनावर वीस-वीस फुटांची उडी घेऊन या झाडावरून त्या झाडावर जातें, उंच फांद्यांत घरटें बांधतें आणि जमिनीवर क्वचितच उतरतें. मध्येंच दहा झाडें तोडलीं कीं त्याच्या लेखीं रस्ताच खचला. खालीं कोरड्या उतारांवर साग, पळस, सालई यांचें राज्य. तीं उन्हाळ्यांत पानें गाळून पाणी वांचवितात.

मात्र सारा कारभार एकट्या पावसाच्या हातीं असतो असें समजूं नये. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पाऊस मुबलक पडतो, पण खडकावर माती बोटभर, म्हणून तेथें मोठे वृक्ष उभे राहूं शकत नाहींत. त्या मातींत नत्रहि थोडें. म्हणून कांहीं वनस्पतींनीं निराळीच सोय पाहिली आहे. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांवर किडा बसला कीं तो अडकला आणि पचलाहि. ‘सीतेचीं आसवें’ हें नांव ऐकून डोळे पाणावावे, तर त्या नाजूक जांभळ्या फुलाच्या रोपट्याला बारीक जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात! या पठाराची २०१२ सालीं जागतिक वारशांत गणना झाली, आणि आतां हंगामांत तेथें फुलें पाहण्यास लोकांची रीघ लागते.

माणदेशांतील किंवा सोलापूरकडील माळ पाहण्यास कोण जातो? आगगाडीच्या खिडकींतून तो दिसला कीं शिकलेला मनुष्यहि ‘केवढी ही ओसाड जागा’ म्हणून मोकळा होतो. सरकारी दप्तरांतहि अशा कितीतरी माळांवर ‘पडीक’ हा शिक्का बसलेला आहे. पडीक म्हणजे कांहींच न पिकणारें. माळावर तर पीक आहे. तें मनुष्याचें नाहीं इतकेंच.

गवत हें दुबळें असतें ही समजूत चुकीची आहे. झाडाचा कोंब शेंड्याला असतो, गवताचा जमिनीलगत. म्हणून वरचें पातें मेंढीनें खाल्लें, उन्हानें करपलें, तरी पहिल्या पावसाबरोबर तें पुन्हां फुटतें. कुसळीची युक्ति तर पाहण्याजोगी आहे. तिच्या बियाला लांब, पिळलेलें कुसळ असतें. ओल लागली कीं पीळ उलगडतो, सुकलें कीं पुन्हां पडतो, आणि या फिरण्यानें बीं गिरमिटाप्रमाणें मातींत शिरतें. माळावरून चालून आलेल्याच्या धोतरालाहि या विद्येचा अनुभव येतो.

या गवताच्या आधारानें काळवीट जगतें. त्याचा किल्ला म्हणजे मोकळें मैदान. लांडगा दुरून दिसला पाहिजे आणि पळावयास वाट पाहिजे. लांडगा धनगरांच्या कळपांमागून हिंडतो. खोकड बिळें करून राहतें, चंडोल गवताच्या बुडाशीं घरटें घालतो. आणि या सर्वांत थोर तो माळढोक. त्याच्या नराचें वजन १५ किलोपर्यंत भरतें. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड फार थोडे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. जिला घरट्याचा आडोसा नाहीं, तिला चहूंकडची नजर हाच आधार.

आतां अशा माळावर कोणी सद्‌हेतूनें झाडें लावलीं म्हणजे काय होतें? गिरिपुष्प, निलगिरी अशा झाडांच्या रांगा वाढतात, छायाचित्रें निघतात, पाहुण्यांचे सत्कार होतात. खालीं सांवलींत ऊन न मिळाल्यानें गवत मरतें. फांद्यांवर बसून कावळ्यांना अंडें हेरतां येतें. झुडुपांआड कुत्र्यांना लपतां येतें. काळवीट आणि माळढोक ती जागा सोडतात. जेथें जंगल होतें तेथें झाड लावणें हें पुण्यच. पण शेकरूचें औषध माळढोकाला दिलें तर रोगी दगावणारच.

माळढोकाचा ऱ्हास केवळ झाडांनीं केला असें नव्हे. शिकार झाली, माळ नांगरले गेले, आणि पुढें विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यानें समोरचें त्याला कमी दिसतें, आणि जड देहामुळें ऐन वेळीं वळतां येत नाहीं. १९७९ सालीं सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील ८,००० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश त्याचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यांत गांवें आणि शेतेंहि आलीं, तंटे झाले, आणि पुढें त्याची हद्द पुष्कळच आंखडून घेण्यांत आली. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर आज काळविटें दिसतात. माळढोकासाठीं मात्र डोळे ताणूनहि निराशाच पदरीं पडण्याचा संभव अधिक.

या पक्ष्याची उरलीसुरली वस्ति मुख्यतः राजस्थानांत जैसलमेरकडे आहे. २०१९ सालापासून तेथें रानांतून उचललेलीं अंडीं यंत्रांत उबवून पिलें वाढविलीं जात आहेत. त्या पिलांची पुढची पिढीहि तेथें जन्मास आली आहे. तीं मोठीं होतील तेव्हां त्यांना पिंजऱ्याबाहेर सोडावयास गवताचा मोकळा माळ लागेल, आणि त्यावर तारा असून चालणार नाहींत.