झाकण नीट बसलंय का?

श्रोतेहो, आजचा विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. अत्तराची कुपी, क्रीमची डबी, नेलपॉलिशची बाटली, या सगळ्यांच्या झाकणांबद्दल मी बोलणार आहे. माझी सगळी नोकरी मोल्डिंगच्या कारखान्यात झाकणं घडवण्यात गेली, आणि माझं एकच गाऱ्हाणं आहे. आपण वास हुंगून घेतो, बाटली निरखतो, भाव करतो. घरी आल्यावर मात्र झाकण नुसतं वर ठेवतो नि निघून जातो. काही महिन्यांनी म्हणतो, "माल हलका निघाला." अहो, पुष्कळदा माल चांगलाच असतो. झाकण नीट लागलेलं नसतं.

लोणच्याच्या बाबतीत आपण असं करतो का? फोडी कोरड्या करायच्या, वर तेल यायला हवं, बरणीचा काठ स्वच्छ फडक्यानं पुसायचा, मगच झाकण आणि त्यावर दादरा. दोरी कशी आवळून बांधायची हे घरातल्या बाईला सांगावं लागत नाही. लोणच्याला बुरशी आली, तर आधी कैरीला दोष न देता ती विचारते, दादरा कुणी सोडला होता? अत्तराच्या बाटलीला हाच प्रश्न विचारा, एवढंच माझं मागणं आहे.

कनौजला अत्तर काढतात तिथे जाऊन बघा. तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी भरतात, वर झाकण बसवतात, आणि झाकणाची फट कापूस कालवलेल्या चिकणमातीनं लिंपून टाकतात. मगच खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते, तिथल्या चंदनाच्या तेलात फुलाचा वास मुरतो. ती मातीची लिंपण जराशी तडकली, तर वास तिथूनच पळणार. पुढे तेच अत्तर चामड्याच्या कुप्यांत ठेवतात. चामडं पाण्याचा अंश बाहेर जाऊ देतं आणि तेल आत राखतं. किती विचार आहे बघा त्यात! कुठे बंद करायचं आणि कशाला वाट द्यायची, याचं हे शहाणपण आहे.

पॅरिसच्या जुन्या घराण्यांतही हेच दिसतं. शनेलच्या नंबर ५ च्या अर्काची बाटली भरली, की काचेच्या बुचावर एक पातळ पापुद्रा ताणून बसवतात आणि गळ्याभोवती काळा दोरा हातानं आवळतात. पूर्वी हा पापुद्रा बैलाच्या आतड्याचा असे. म्हणजे काय, तर दादराच की हो! फरक इतकाच, की आपला दादरा बरणीला थोडा श्वास घेऊ देतो आणि तिथला पापुद्रा तोही घेऊ देत नाही. काचेचं बूच तर ज्या त्या बाटलीच्या तोंडातच घासून बसवत. पुष्कळ जुन्या बाटल्यांवर बुचाच्या दांड्याला आणि बाटलीच्या बुडाला एकच आकडा कोरलेला सापडतो, जोडी बदलू नये म्हणून. नीना रिच्चीच्या 'लेअर द्यु ताँ' या १९४८ च्या अत्तरावर १९५१ पासून मार्क लालिकनं घडवलेली कबुतरांची जोडी बसते. सुंदर आहे, पण आधी ते बूच आहे, हे विसरू नये.

आता आपल्या घरातलं झाकण. आट्याचं झाकण आट्यांमुळे बंद होतं असं पुष्कळांना वाटतं. आटे फक्त झाकण खाली ओढतात. खरं काम करते ती झाकणाच्या आतली मऊ चकती. ती बाटलीच्या काठावर दाबली जाते आणि हवा अडते. म्हणून काठ पुसायचा, लोणच्यासारखाच. नेलपॉलिश लावताना ब्रश तोंडावर निथळतो, रंग आट्यांवर ओघळतो, वाळतो. पुढच्या वेळी झाकण अर्ध्यावरच अडकतं, चकती टेकतच नाही, आणि आतला द्रव उडून जाऊन पॉलिशची खळ होते. मग पक्कड घेऊन झाकणाशी झटापट! कापसाच्या काडीला रिमूव्हर लावून काठ पुसला असता तर? एका क्षणाचं काम. क्रीमच्या डबीतली पांढरी चकतीही पहिल्याच दिवशी फेकू नका. स्वच्छ ठेवून परत बसवलीत तर क्रीमला हवा कमी लागते. व्हिटॅमिन सीचं सीरम पिवळं-तपकिरी पडतं ते हवेनंच, आणि लिंबू-संत्र्याचा वासही हवा लागून बिघडतो. तसं बिघडलेलं तेल काहींच्या कातडीला चुरचुरतंही.

पुन्हा सांगतो, कारण हेच ऐकून विसरलं जातं: काठ पुसा, झाकण शेवटपर्यंत फिरवा. आवळून मोडेपर्यंत नको, आटे जातात. चकती टेकल्याचं हाताला कळतं, तिथे थांबा.

स्प्रेची गोष्ट वेगळी आहे. तिथे वरचं जड टोपण वास राखत नाही. ते नळीचं तोंड झाकतं आणि चुकून बटण दाबलं जाऊ देत नाही. पुष्कळदा त्यात जस्ताच्या मिश्रधातूचं वजन घातलेलं असतं, हातात घेतल्यावर भारी वाटावं म्हणून. खरं झाकण त्याच्याखाली, गळ्याला दाबून बसवलेली ॲल्युमिनियमची कडी. बहुतेक बाटल्यांचा गळा १५ मिलिमीटरचा असतो. एकदा ती कडी दाबली की उघडत नाही. अत्तर संपलं, बाटली मात्र धडधाकट. तिच्यात पुन्हा काही भरता येत नाही, आणि काच, धातू, प्लास्टिक, आतली स्प्रिंग अशी गुंतलेली वस्तू भंगारवाल्यालाही वेगळी करणं जड जातं. आट्याचा गळा असलेले स्प्रेही मिळतात, पंप फिरवून काढता येतो, बाटली पुन्हा भरता येते. वजनदार टोपणाऐवजी दुकानात हे विचारा ना! कंपन्या आपल्या पसंतीकडे पाहतात. टोपणाचा 'टक' आवाज आपल्याला आवडतो म्हणून त्यांनी तो दिला. आट्याचा गळा आपण मागितला तर...

समोरच्या काचेतून खूण झाली आहे, वेळ संपत आली. पंपाच्या आतल्या वॉशरबद्दल बोलायचं राहिलंच. तेवढं पुढे कधीतरी. आज रात्री फणीच्या खणातल्या बाटल्या एकदा उघडा, काठ पुसा आणि नीट बंद करा.