घरची दुखण्याची वही

श्रोतेहो, शाळेचा हजेरीपट मी तीस वर्षे लिहिला. एखादे पोर एक दिवस घरी राहिले, तरी तो दिवस माझ्या पटात सापडेल. पण माझ्याच घरात, आत्याच्या दुखण्याची एक ओळ मी कधी लिहून ठेवली नाही. त्यापायी 2019 साली ती हातची जायची वेळ आली.

झाले असे. तिच्या पायाची जखम चिघळली म्हणून तिला तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "यांना एखादं औषध सोसलं नाही, असं कधी झालंय का?" मी बेधडक म्हणालो, "छे, तसं काही नाही." त्यांनी इंजेक्शन दिले. पाच मिनिटांत आत्याच्या अंगाला खाज सुटली, ओठ सुजले, श्वास कोंडू लागला. डॉक्टरांनी तत्काळ मांडीत अ‍ॅड्रेनलिन टोचले, सलाइन लावले, म्हणून ती वाचली. ते इंजेक्शन पेनिसिलिनच्या कुळातले होते. मग मला आठवले, दोन वर्षांमागे घशासाठी कॅप्सूल घेतल्या तेव्हा तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. आम्ही त्या उकिरड्यावर टाकल्या आणि विसरलो. जुनी पावती धुंडाळली, तर त्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या, म्हणजे पेनिसिलिनच्याच भावकीतल्या. डॉक्टरांनी विचारायचे ते विचारले होते. चूक माझी.

त्या रात्रीच शंभरपानी वही घातली. पहिल्या पानावर तांबड्या शाईने न सोसणारे औषध आणि त्याने काय झाले ते लिहिले. खाली रक्तगट, पण तो तपासणीचा कागद पाहून, आठवणीने नव्हे. पुढच्या पानावर रोजच्या गोळ्या.

या गोळ्यांचीच खरी अडचण आहे. आपण डॉक्टरांना सांगतो, "ती पांढरी गोळी हो, मधे रेघ असलेली!" अशा गोळ्या दुकानात शेकड्यांनी असतात. कंपनीगणिक वरचे नाव बदलते. सोबत मूळ औषधाचे नाव असते, ते आणि किती मिलिग्रॅम ते उतरवून घ्यावे. दुकानदार पट्टी कापून देतो आणि नाव दुसऱ्या तुकड्यावर राहते. तेव्हा पावती मागावी, संकोच करू नये. रक्तदाब, साखर लिहायची तर तारीख हवी, आणि साखर उपाशीपोटी की जेवणानंतर हेही हवे. नाहीतर त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

दवाखान्यात राहून आलात तर कागद मागून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत ते द्यावे लागतात. 2021 पासून देशभर 'आभा' क्रमांकही मिळतो; तो वहीत लिहावा. पण रात्री मोबाइलची बॅटरी संपली की वहीच उपयोगी पडते. आणि ती वही चावडीवर फिरवू नका बरे! बाईमाणसाचे दुखणे तिचे तिने कुणाला सांगायचे ते ठरवावे.

इंजेक्शनाचेही सांगतो. सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही, अशी आपल्याकडे समजूत. गोळीने भागत असेल तर सुईचा हट्ट नको. घ्यावीच लागली तर सुई आणि सिरिंज दोन्ही नवी, आपल्यासमोर पाकीट फोडलेली असावीत. वापरलेल्या सुईतून ब आणि क प्रकारची कावीळ, एचआयव्ही पसरतात.

गुरुजनहो, मुलांचे लसीकरणाचे कार्ड पाचव्या वर्षानंतर पेटीच्या तळाशी जाते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, तेव्हा ते बाहेर काढायला सांगा. आजीची वही लिहायला चौथीतला नातू पुरे आहे. आमच्याकडे पुतणीच लिहिते.

मागल्या महिन्यात आत्या दाढ काढायला गेली. दाताच्या डॉक्टरांनी विचारायच्या आधीच तिने पिशवीतून वही काढून पहिले पान पुढे केले. तिला वाचता येत नाही. पण तांबड्या शाईचे पान कुठले, ते तिला बरोबर ठाऊक आहे.