सरांना न दिलेलं उत्तर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'वर्गातली शांत मुलगी' अशी करून दिली. आज त्या शांतपणाबद्दलच बोलायचं आहे.

नववीत आपल्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. नाव घेत नाही, तुम्हाला ते आठवलंच असेल. रोज त्याच्या चालण्याची नक्कल व्हायची, डबा लपवला जायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याने कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि चिडवणाऱ्याच्या दंडात खुपसलं. त्या मुलाला टाके पडले. याच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला आला. चौकशीत सरांनी विचारलं होतं, "याआधी काही झालं होतं का?" मला सगळं माहीत होतं. मी नकारार्थी मान हलवली.

पुढे मी इंजिनीअर झाले. आमच्या कामात सॉफ्टवेअर बंद पडलं की 'कुणी केलं' हे नंतर विचारतात. आधीच्या नोंदी काढून, ते कशामुळे बंद पडलं हे आधी बघतात. त्या दिवशी शाळेकडे फक्त शेवटच्या क्षणाची नोंद होती. बाकीच्या नोंदी आपल्याकडे होत्या, आणि आपण त्या दिल्या नाहीत.

कामानिमित्त काही वर्षं शिकागोत होते. तिथे तरुण मुलांमधल्या गोळीबाराच्या बातम्या नेहमीच्याच. तिथेच मला 'बिकमिंग अ मॅन' हा शाळांमधला उपक्रम कळला. 'यूथ गायडन्स' ही संस्था तो चालवते. मुलं आठवड्यातून एक तास, शाळेच्या वेळातच, समुपदेशकाबरोबर गोल करून बसतात. त्यांचा एक खेळ सांगते. दोघांची जोडी. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याने तो तीस सेकंदांत मिळवायचा. बहुतेक मुलं झटापट करतात, बोटं पिरगाळतात. मग समुपदेशक विचारतो, "कुणी नुसता मागितला का?" मुलं म्हणतात, "मागून कोण देतंय? उलट मला भित्रा समजला असता." आणि समोरचा बरेचदा म्हणतो, "मागितला असतास तर दिला असता. साधा चेंडू तर आहे."

म्हणजे हात उचलण्याआधी समोरच्याच्या मनात काय आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं. तिथे क्षणभर थांबायचं, हे शिकवता येतं. शिकागो विद्यापीठाने सोडत काढावी तशी मुलांची निवड करून याचा अभ्यास केला. उपक्रम चालू असताना, त्यातल्या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी होणारी अटक ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाली. पण उपक्रम संपल्यावर अटकेतला हा फरक टिकला नाही. मला दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची वाटते. एखादं व्याख्यान ठेवलं, भिंतीवर सुविचार लिहिला, की काम झालं असं नाही. हा तास गणिताच्या तासासारखा दर आठवड्याला, दर वर्षी हवा.

आपलं गाव शिकागो नाही, इथल्या मुलांकडे बंदुका नाहीत. पण कर्कटक होतं. आणि आता खिशात मोबाईल आहे. पूर्वी शाळा सुटली की चिडवणंही सुटायचं, आता ते घरापर्यंत येतं. तिथला उपक्रम मुलग्यांसाठी आहे. आपल्याकडे तो मुलींसाठीही असावा, कारण बघ्यांमध्ये मीही होते. "सर, रोज असं होतंय," हे वेळेवर सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हेही शिकवावं लागतं.

म्हणून एक विनंती. आठवी-नववीला आठवड्यातून असा एक तास आणि एक प्रशिक्षित समुपदेशक, एवढी सोय मुख्याध्यापकांनी करावी. समुपदेशकाच्या मानधनाचा भार पहिली तीन वर्षं आपली बॅच उचलू शकते. माझा वाटा मी आजच देते. व्यासपीठाच्या रंगकामाला पुढच्या वर्षी बघू.

आपल्या ग्रुपवर मी दोनदा विचारलं, त्या मुलाचा पत्ता कुणाकडेच नाही. पण सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तेव्हाच्या प्रश्नाचं उत्तर आज देते. हो, झालं होतं. रोज होत होतं, आणि आम्ही सगळे बघत होतो.