फोनवरच्या डॉक्टरांना नाव विचारा



दवाखान्यात गेलं की दारावर डॉक्टरांच्या नावाची पाटी दिसते. फोनवर कुठली पाटी? "डॉक्टर बोलतोय" एवढं कानावर पडतं आणि आपण लगेच दुखणं सांगायला लागतो. समोर कोण आहे हे विचारायची भीड वाटते. पण नियमच असा आहे की डॉक्टरांनी आपली ओळख द्यायची, आणि चिठ्ठीवर नावासोबत नोंदणी क्रमांक लिहायचा.

हे नियम २५ मार्च २०२० चे. देशभर टाळेबंदी लागली, त्याच दिवशी निघाले. डॉक्टरांनी कसं वागावं याचे २००२ सालचे नियम आहेत, त्यांनाच हे जोडले. म्हणजे तपासणी फोनवर झाली म्हणून डॉक्टरांची जबाबदारी कमी होत नाही. फी घेतली तर पावती द्यायची. नीट निदान न करता औषध लिहिलं तर ती गैरवर्तणूक. गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या फोनवरून देताच येत नाहीत. आणि तुम्ही म्हणालात, "मी प्रत्यक्ष येते," तर "नको, फोनवरच बोला" असा आग्रह डॉक्टरांनी धरायचा नाही.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. फोन असतो नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. आवाज मोठा केलेला, सासूबाई शेजारी बसलेल्या. अशात अंगावरून पांढरं जातंय हे बाई कशी सांगणार? "बरंय, थोडी कंबर दुखते," म्हणते आणि कंबरेची गोळी घेऊन बसते. त्यात डॉक्टरांची काय चूक? त्यांना जे ऐकू आलं त्यावर त्यांनी गोळी दिली. म्हणून बोलण्याआधीच सांगा, "मला एकटीला बोलायचंय." यात उद्धटपणा काही नाही.

फोटोचंही तसंच. गाठ, पुरळ, छातीवरची जखम, डॉक्टर फोटो मागू शकतात. तुमचा फोटो त्यांनी इकडेतिकडे पाठवला किंवा कुठे टाकला, तर ती गैरवर्तणूक समजा. मात्र ज्या फोनवरून तो गेला त्या फोनमध्येही तो राहतोच, हे आपण विसरतो. पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नको वाटलं तर प्रत्यक्ष दाखवायला जा.

त्यापेक्षा आयुष्मान आरोग्य मंदिरात जाणं मला बरं वाटतं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात, पैसे पडत नाहीत. त्यांना सांगायचं, ताई, दार लावून घ्या. तुमच्या वतीने आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी फोन लावला असेल, तर डॉक्टरांनी तुमची स्पष्ट संमती घ्यायला हवी. नुसती मान डोलावू नका, तोंडाने हो किंवा नाही म्हणा. मुलाचं दुखणं असेल तर घरातलं मोठं माणूस सोबत लागतंच.

गरोदर बाईला रक्तस्राव होत असेल, छातीत कळ येत असेल, तर डॉक्टरांच्या फोनची वाट बघत बसू नका. थेट १०८ लावा.

चिठ्ठी आणि पावती मात्र जपून ठेवा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. तिथे "फोनवर कुणीतरी डॉक्टर होते" असं सांगून भागत नाही; नाव लागतं, नोंदणी क्रमांक लागतो. चिठ्ठी मोबाइलवर आली असेल तर गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून तिचा कागद काढून घ्या, आणि बचत गटाच्या पासबुकासोबत पिशवीत ठेवा.